प्राट: एम.एस्सी. स्पीचला जाणाऱ्यांसाठी एका फुकट सॉफ्टवेअरचं परीक्षण

बीएएसएलपीची, म्हणजे श्रवण आणि वाचाविकारांवरच्या पदवीची, इंटर्नशिप संपत आली, की इंदूरच्या मराठी घरांत दोन विषय निघतात. एक, मुंबई की म्हैसूर. आणि दुसरा, लॅपटॉप कुठला घ्यायचा. पहिल्याचा निकाल बहुतेक वेळा गुणवत्ता यादीच लावते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था 1965 पासूनची आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 ची. दोन्हीकडे जागांपेक्षा इच्छुक फार. शिवाय आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेशासाठी भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेची बीएएसएलपी हातात लागते. भाषाशास्त्र किंवा मानसशास्त्राची पदवी घेऊन थेट स्पीच पॅथॉलॉजीत शिरण्याची सोय इथे नाही. दुसऱ्या विषयावर मात्र घरात तासभर खल होतो आणि त्या लॅपटॉपवर टाकायचं काय, हे कोणी विचारत नाही. आधी टाकायचं ते प्राट.

प्राट हे आवाजाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते लिहिलं. डच भाषेत ‘प्राट’ म्हणजे ‘बोल’. किंमत शून्य, सोर्स कोड खुला, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. इन्स्टॉलेशनचं लचांड नाही. विंडोजवर झिप उघडायची, आतली फाइल डेस्कटॉपवर ठेवायची, झालं. जुन्या, चार जीबीच्या लॅपटॉपवरही ते अडखळत नाही. त्यामुळे ‘यासाठी नवा लॅपटॉप हवा’ हे कारण घरी चालणार नाही.

उघडल्यावर दोन खिडक्या दिसतात. उजवीकडची, चित्रांची, सरळ बंद करावी. डिसर्टेशनमधल्या आकृत्या काढायची वेळ येईपर्यंत तिचं काम नाही. डावीकडच्या खिडकीत ‘न्यू’खाली ‘रेकॉर्ड मोनो साउंड’ आहे. सॅम्पलिंग 44100 हर्ट्‌झ असतं, ते तसंच राहू द्यावं. रेकॉर्ड झाल्यावर ‘सेव्ह टू लिस्ट’ दाबलं की ध्वनी यादीत येतो, आणि इथेच पहिल्या आठवड्यातला ठरलेला अपघात घडतो. ही यादी तात्पुरत्या स्मृतीतली असते. ‘सेव्ह अ‍ॅज वेव्ह फाइल’ केल्याशिवाय डिस्कवर काहीही जात नाही. प्राट बंद केलं की सकाळभर घेतलेले नमुने गेले. फाइलचं नाव रोमन अक्षरं आणि आकडे वापरून, मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावं. रुग्णाचं नाव त्यात नकोच, संकेतांक पुरतो.

मेनू, मॅन्युअल सगळं इंग्रजीत. अक्षरं बारीक, रंगसंगती जुन्या सरकारी कचेरीसारखी. मॅन्युअल मात्र सॉफ्टवेअरमध्येच आहे आणि उत्तम आहे. व्हायव्हात अडकणारी निम्मी मुलं ते न वाचता फक्त व्हिडिओ बघून आलेली असतात.

आता खरा मुद्दा. प्राट कधीही ‘मला कळलं नाही’ असं म्हणत नाही. कुलरच्या घरघरीतला ‘आ’ द्या, मोबाइलवरून आलेली फाइल द्या, घोगऱ्या आवाजाचा तुटक स्वर द्या, ते तीन दशांश स्थळांपर्यंत आकडा देतं. दोष त्याचा नाही, पण नव्या विद्यार्थ्याला दशांश चिन्ह दिसलं की भरवसा बसतो.

मूलभूत वारंवारतेचंच घ्या, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात त्या आकड्याचं. आवाजाची निळी रेघ काढण्यासाठी प्राटला खालची आणि वरची मर्यादा सांगावी लागते. 6.4 या आवृत्तीपासून ही मर्यादा आपसूक 50 ते 800 हर्ट्‌झ असते आणि आवर्तनं शोधण्याची पद्धत असते ‘फिल्टर्ड ऑटोकोरिलेशन’. बोलण्यातले चढउतार बघायला ही पद्धत चांगली. सीनियरांच्या नोट्समध्ये मात्र जुने आकडे असतात, 75 ते 500 वगैरे. त्यामुळे एकाच फाइलवर दोघांची उत्तरं वेगळी येतात आणि वर्गात वाद होतो. दोघंही बरोबर असू शकतात, फक्त आवृत्ती आणि पद्धत लिहिलेली नसते. पुरुषाच्या आवाजाला 75 ते 300 आणि बाईच्या आवाजाला 100 ते 500 ही सुरुवात ठीक आहे. खालची मर्यादा हा नुसता अडसर नाही, तीवर विश्लेषणाच्या खिडकीची, म्हणजे एका वेळी तपासायच्या तुकड्याची, लांबी ठरते. नेहमीच्या ऑटोकोरिलेशनला तीन आवर्तनं लागतात, म्हणून 75 हर्ट्‌झला खिडकी 40 मिलिसेकंदांची आणि 50 ला 60 ची. खिडकी जितकी लांब, तितके झटकन होणारे बदल पुसट.

निळी रेघ मध्येच सरळ दुप्पट किंवा निम्म्यावर उडी मारते, तेव्हा माणसाचा आवाज फुटलाय की गणित चुकलंय? आधी कानाने ऐका. मग स्पेक्ट्रोग्रामची (आवाजातल्या वारंवारता वेळेनुसार दाखवणाऱ्या चित्राची) खिडकी 0.005 सेकंदांवरून 0.03 करा, मूलभूत वारंवारतेच्या पटींच्या आडव्या पट्ट्या वेगवेगळ्या दिसू लागतात. खालून दहावी पट्टी मोजा आणि तिच्या वारंवारतेला दहाने भागा. दहावी 2100 वर असेल तर आवाज 210 हर्ट्‌झचा. प्राट 105 म्हणत असेल तर प्राट चुकलं. ही कसोटी एका मिनिटाची आहे आणि ती न केल्यामुळे सरासरीच्या सरासरी वाया जातात.

जिटर (आवर्तनांच्या कालावधीतली अस्थिरता), शिमर (त्यांच्या जोरातली अस्थिरता) आणि एचएनआर (स्वर आणि गोंगाट यांचं प्रमाण) देणारा ‘व्हॉइस रिपोर्ट’ हा या सॉफ्टवेअरचा सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकीचा वापरला जाणारा भाग. रीत अशी: सहज पट्टीत, सहज जोरात ‘आ’ चार-पाच सेकंद धरायला सांगायचं, तीनदा. सुरुवातीचा आणि शेवटचा अर्धा सेकंद सोडून मधले तीन सेकंद निवडायचे. पद्धत ‘रॉ क्रॉस-कोरिलेशन’ करायची, कारण स्वरतंतूंच्या कंपनांचं मोजमाप तिच्यावर जास्त नीट होतं. निवडलेल्या भागावर झूम करून ‘पल्सेस’ मेनूतून रिपोर्ट काढायचा. जिटरकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा अघोष चौकटींचं, म्हणजे कंपन न सापडलेल्या तुकड्यांचं, प्रमाण आणि आवाज तुटण्याचं प्रमाण. स्थिर धरलेल्या स्वरात ही दोन्ही शून्याच्या आसपास हवीत. नसतील तर खालचे सगळे आकडे संशयित.

जिटरला 1.040 टक्के आणि शिमरला 3.810 टक्के या सीमारेषा पाठ केलेल्या असतात. त्या मुळात एमडीव्हीपी या विकतच्या प्रणालीच्या आहेत. प्राट आवर्तनं वेगळ्या पद्धतीने शोधतं, त्यामुळे त्या जशाच्या तशा लावू नयेत, असं प्राटचं मॅन्युअलच सांगतं. तरी दरवर्षी कोणीतरी प्राटचा आकडा एमडीव्हीपीच्या रेषेवर ठेवून निरोगी माणसाला रुग्ण ठरवतंच. एचएनआर निरोगी आवाजात ‘आ’ किंवा ‘ई’ला 20 डेसिबलच्या आसपास असतो, ‘ऊ’ला बराच जास्त. म्हणून एका भेटीत ‘आ’ आणि पुढच्या भेटीत ‘ऊ’ घेऊन सुधारणा दाखवायची नाही.

आवाज फारच खरखरीत असेल तर जिटरचा नादच सोडावा. इंगो टिट्झ यांनी 1995 मध्ये आवाजाचे तीन प्रकार मांडले. पहिला जवळजवळ नियमित, दुसऱ्यात आवर्तनाच्या आत दुसरी लय, तिसरा पूर्ण अनियमित. जिटर-शिमर फक्त पहिल्या प्रकाराला लागू. बाकीच्यांसाठी प्राटमध्ये सेप्स्ट्रल, म्हणजे एकेक आवर्तन न शोधता करायच्या, मोजमापाची सोय आहे. पॉवरसेप्स्ट्रोग्राम काढून सीपीपीएस हा आकडा घ्यायचा. दोन क्लिक जास्त लागतात म्हणून विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत.

मराठी मुलांना प्राटमध्ये एक गोष्ट विशेष सापडते, ती इंग्रजी क्रमिक पुस्तकांत मिळत नाही. तिथे बहुतेक ‘प’ आणि ‘ब’ एवढीच जोडी असते. आपल्याकडे प, फ, ब, भ अशी चौकडी. ‘ब’च्या स्फोटाआधी तळाशी घोषाची जाड पट्टी दिसते, ‘भ’ला ती असतेच, शिवाय स्फोटानंतर श्वासमिश्रित धूसर भाग येतो. ‘फ’ पुष्कळांच्या तोंडी दंत्योष्ठ्य (दात-ओठाचं) घर्षण होऊन बसलाय, त्यात स्फोट शोधत बसू नये. आणि ‘जग’ हा शब्द घ्या: एकदा दुनिया या अर्थाने, एकदा ‘जगणे’मधला. लिहायला एकच, पण दुसऱ्यातल्या दंत्य ‘ज’ची घर्षणऊर्जा वर सरकते. प्राटचा स्पेक्ट्रोग्राम आपसूक 5000 हर्ट्‌झपर्यंतच दाखवतो, म्हणजे नेमका फरकच कापला जातो. मर्यादा 10000 करा, मग बघा.

इंदूरमध्ये हे आणखी जपून करायचं. राजेंद्रनगर किंवा रामबागेतलं मूल घरी मराठी, शाळेत हिंदी बोलतं. ‘चारा’चा च त्याने ‘चार’सारखा उच्चारला किंवा ‘बाळ’चं ‘बाल’ केलं, तर स्पेक्ट्रोग्रामवर फरक स्वच्छ दिसेल, पण तो हिंदीच्या शेजाराचा परिणाम असू शकतो. उच्चारदोष म्हणून नोंदवण्याआधी आईवडील कसं बोलतात ते ऐकावं. प्राटकडे हे तारतम्य नाही, आणि कुठल्याही वयाचे मराठी प्रमाण आकडे त्यात भरलेले नाहीत.

फॉर्मंटचे, म्हणजे तोंड-घशाच्या पोकळीतल्या अनुनादांचे, लाल ठिपके हाही एक सापळा. कमाल मर्यादा बाईसाठी 5500, पुरुषासाठी 5000 आणि लहान मुलासाठी 8000 पर्यंत न्यावी लागते. पाच फॉर्मंट शोधण्याची सूचना तशीच ठेवून मुलाचा आवाज 5500 वर तपासला, तर प्राट त्या जागेत नसलेले फॉर्मंटही शोधून काढतं. ठिपके पट्टीवर न बसता मध्येच तरंगत असतील, तर मर्यादा चुकलेली आहे.

रेकॉर्डिंगच बिघडलं तर वरचं सगळं व्यर्थ, आणि इंदुरात ते बिघडवायला पुष्कळ गोष्टी टपून बसलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये कुलर: तो चालू असताना एचएनआर कमी आला तर तो कुलरचा आला. पंधरा मिनिटं आधी बंद करावा. वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे चार्जर लावून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण शिरू शकते. आणि खालची मर्यादाही 50 असली की शांत जागीसुद्धा निळी रेघ उमटू शकते. चार्जर काढून बॅटरीवर घ्यावं. लॅपटॉपमधली आवाज सुधारण्याची सगळी सोय बंद करावी: गोंगाट कमी करणारी यंत्रणा एकसारख्या लांबवलेल्या ‘आ’लाच गोंगाट समजून दाबते, आणि आपोआप पातळी जुळवणारी यंत्रणा शिमर बिघडवते. डोक्याला लावायचा माइक तोंडापासून 4 ते 10 सेंटीमीटरवर, साधारण 45 अंश बाजूला, म्हणजे श्वासाचा झोत थेट लागत नाही. अंतर प्रत्येक भेटीत तेच. 5 वरून 10 वर गेलात की सुमारे 6 डेसिबल घटतात आणि रुग्णाचा आवाज ‘बसला’ असं वाटतं. तसंही प्राटचे डेसिबल कॅलिब्रेट केलेले नसतात. एका माइकच्या, एका अंतराच्या नोंदी आपसात ताडायच्या, एवढाच त्यांचा उपयोग. जेल रोडवर माइक घेताना यूएसबीचा घ्यावा. मोबाइलच्या हेडसेटची पिन लॅपटॉपच्या वेगळ्या माइक-छिद्रात बसते, पण माइक चालतोच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नमुना ऐकायला ठीक, मोजायला नाही. आयफोनवरची एमफोरए फाइल प्राट उघडत नाही, आधी वेव्ह करावी लागते. आणि तसं करून मूळ फाइल आकाराने लहान करताना गेलेलं परत येत नाही.

उणिवा स्पष्ट सांगायच्या तर, बोलता बोलता पडद्यावर रेघ दाखवणं प्राटला जमत नाही, म्हणून मुलाला समोर बसवून थेरपीत वापरायला ते कामाचं नाही. रुग्णांच्या नोंदी ठेवत नाही. आईवडिलांच्या हातात द्यावा असा अहवाल बनवत नाही. संस्थेत सीएसएल ही विकतची आवाज-विश्लेषण प्रणाली असेल तर क्लिनिक पोस्टिंगला तेच वापरा. डिसर्टेशनसाठी मात्र प्राट सरस आहे, कारण स्क्रिप्ट, म्हणजे प्राटला एकामागून एक द्यायच्या आज्ञांची यादी. एकदा वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली की दोनशे फाइलींचं मोजमाप एकाच रीतीने होतं आणि कंटाळलेल्या हाताच्या चुका टळतात. अट एकच: स्क्रिप्ट चालवण्याआधी दहा फाइली हाताने मोजून आकडे जुळतात का ते बघायचं. टेक्स्टग्रिडमध्ये, म्हणजे ध्वनीला जोडलेल्या लेबलांच्या फाइलमध्ये, खुणा करताना शब्द आणि ध्वनी यांचे थर पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. नंतर फोडत बसणं म्हणजे आठवडा गेला.

प्रवेश नक्की होण्याआधीच्या दोन महिन्यांत रोज अर्धा तास पुरतो. स्वतःचा ‘आ’, मग घरातल्या एका पुरुषाचा, एका बाईचा आणि एका लहान मुलाचा. चौघांच्या मर्यादा वेगवेगळ्या ठेवून. प्रत्येक नोंदीशेजारी आवृत्ती क्रमांक, पद्धत, मर्यादा आणि माइकचं अंतर लिहायचं. मार्गदर्शक पहिल्या बैठकीत नेमकं हेच विचारतात.