सगळं रिसीव्हरला जोडायचं की टीव्हीला?

घोडबंदर रोडवरचा नवा टू बीएचके असो की वाशीतला जुना, हॉलची मांडणी बहुधा सारखीच: टीव्ही भिंतीवर, खाली युनिट आणि दोघांमध्ये भिंतीत गाडलेला एक पाइप. होम थिएटरचा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा डबा) घरी आला की पहिला निर्णय या पाइपाशीच होतो.

सेट-टॉप बॉक्स, फायर स्टिक, प्लेस्टेशन ही मंडळी रिसीव्हरच्या मागे लावली, तर वर एकच एचडीएमआय जाते. चित्र वर जातं आणि टीव्हीतल्या ॲपचा आवाज त्याच वायरीतून खाली येतो. ही वायर रिसीव्हरच्या एआरसी (ऑडिओ रिटर्न चॅनल, म्हणजे टीव्हीचा आवाज परत खाली आणणारी सोय) लिहिलेल्या आउटपुटमधून टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्याच पोर्टात हवी. शेजारच्या पोर्टात लावली तर चित्र दिसतं, पण ॲपचा आवाज येत नाही. याउलट सगळं टीव्हीला जोडलं, तर खालच्या प्रत्येक डब्याची वायर वर आणि आवाजाची एक परत खाली. 25 मिमीच्या पाइपातून एचडीएमआयचा प्लग जेमतेम सरकतो, काटकोनी एल्बोला अडकतो. भिंतीचं काम अजून बाकी असेल तर 40 मिमीचा पाइप, एल्बोऐवजी मोठा बेंड आणि आत ओढायला नायलॉनची दोरी, एवढं इलेक्ट्रिशियनकडून आत्ताच करून घ्या.

आवाजात फरक कुठे पडतो? टीव्हीच्या पोर्टावर नुसतं एआरसी आहे की ईएआरसी (त्याचीच सुधारलेली आवृत्ती), ते आधी वाचा. एआरसी 2009 च्या एचडीएमआय 1.4 सोबत आलं. त्यातून पीसीएम (न दाबलेला डिजिटल) आवाज दोनच चॅनलचा जातो, 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) हवा तर डॉल्बी डिजिटलसारखा दाबलेला. म्हणून टीव्हीला लावलेलं प्लेस्टेशन लिनिअर पीसीएमवर राहिलं, की मागच्या स्पीकरांना स्वतंत्र आवाज मिळतच नाही. ऑडिओ फॉरमॅट डॉल्बी करा. टीव्ही आणि रिसीव्हर दोघांनाही ईएआरसी असेल तर 7.1 पीसीएम आणि डॉल्बी ट्रूएचडीही जातं, मात्र टीव्हीचा डिजिटल ऑडिओ 'पास-थ्रू'वर (आवाज न बदलता पुढे सोडणं) हवा. तरी काही टीव्ही डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसरा सराउंड फॉरमॅट) पुढे सोडतच नाहीत. डिस्कवरचे किंवा हार्ड डिस्कवरचे सिनेमे बघणाऱ्यांनी प्लेअर थेट रिसीव्हरलाच लावावा. एआरसी नसलेल्या जुन्या टीव्हीला ऑप्टिकल वायर चालते, 5.1 पर्यंत; डोक्यावरूनही आवाज देणारं डॉल्बी ॲटमॉस विसरा.

गेमचं गणित मात्र उलटं. 4के 120 हर्ट्झला (सेकंदाला 120 चित्रं) एचडीएमआय 2.1 चं इनपुट लागतं आणि 18 जीबीपीएसच्या जुन्या रिसीव्हरकडे ते नसतं. नव्यातही मागचे सगळे इनपुट तसे नसतात, ज्याच्यावर 8के लिहिलंय तेच बघा. त्यातही रिसीव्हरच्या मेनूत त्या इनपुटचा एचडीएमआय सिग्नल वरच्या दर्जाला करावा लागतो. रिसीव्हर जुना असेल तर प्लेस्टेशन टीव्हीला आणि आवाज ईएआरसीने, हेच योग्य.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आवाज पुढे आहे की मागे, ते बघा. रिसीव्हर आवाज उशिरा सोडू शकतो, लवकर नाही. टीव्हीमार्गे येणारा आवाज बऱ्याचदा मागे पडतो. त्यावर रिसीव्हरचा डिले वाढवला तर बिघडतंच. आधी दोन्हीकडचा डिले शून्य करा.

आता घरातल्या बाकीच्यांचं. दुपारी आजीला मालिका बघायची असते आणि त्यासाठी रिसीव्हर चालू करायला लावणं बरोबर नाही. एक तर रिसीव्हरचं स्टँडबाय पास-थ्रू, म्हणजे रिसीव्हर बंद असतानाही चित्र-आवाज टीव्हीकडे जाऊ देणारी सोय, चालू ठेवा (ती थोडी वीज खाते), नाहीतर सेट-टॉप बॉक्स तेवढा टीव्हीला द्या. पाइपात दोन वायरी मावत असतील तर आमचा कौल दुसऱ्याला: मालिका-बातम्यांना सराउंड लागत नाही.

केबल टीव्हीची कोॲक्स (गोल जाड वायर) लावताच स्पीकरांत घूं सुरू झालं, तर ती बॉक्सपासून काढून बघा. घूं थांबलं की तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो प्रवाह. कोॲक्सवर तो प्रवाह तोडणारा आयसोलेटर लावायचा. डिशच्या वायरीवर तो लावू नका, कारण छत्रीच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज त्याच वायरीतून जाते.