उड्डाणवेळ सांगणारी फुकट संकेतस्थळं: अंतरावर भरवसा ठेवा, वेळेवर नको

‘दापोली ते दुबई’ असं टाका, क्षणात उत्तर येतं: सुमारे २,०२० कि.मी., तीन तास. दापोलीला विमानतळच नाही, हे त्या संकेतस्थळाच्या गावीही नसतं. बहुतेकांचं गणित सारखंच. दोन ठिकाणांमध्ये पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वांत जवळची रेष काढायची, ताशी ८०० कि.मी.च्या आसपासच्या वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा.

अंतराला नावं ठेवायला जागा नाही. मुंबई–दुबई साधारण १,९३० कि.मी. येतं आणि ते बरोबर आहे. फक्त एकक बघून घ्या. हेच अंतर १,२०० मैल किंवा १,०४० सागरी मैल असंही दिसतं. सागरी मैल १.८५२ कि.मी.चा, साधा मैल १.६०९ चा. गावाचं नाव टाकण्यापेक्षा विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह टाकावं. नुसतं ‘हैदराबाद’ टाकलं तर सिंधमधलंही निघू शकतं. ‘गोवा’ म्हटलं की दाबोळी धरलं की मोपा ते कळत नाही, आणि बांदा-सावंतवाडीवाल्यांना तर मोपाच जवळ. त्यासाठी जीओएक्स टाका. जीओआय म्हणजे दाबोळी.

खरी गोची वेळेची. मुंबई–दुबईला संकेतस्थळ जाता-येता एकच वेळ देतं, दोन तास पंचावन्न मिनिटांसारखी. तिकिटावर मात्र जाताना साधारण सव्वातीन तास असतात, येताना तीनच्या आसपास. उंचावरचे पश्चिमेचे वारे जाताना समोरून लागतात, येताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि जागेवर थांबलं की संपते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. गर्दीच्या वेळी विमान वर घिरट्या घालतं, ती मिनिटं या गणितात कुठेच नाहीत.

घड्याळाचा घोळ वेगळा. दुबई आपल्या दीड तास मागे. कुवेत, कतार, सौदी अडीच तास. रात्री १० ला मुंबईहून निघालेलं विमान दुबईच्या घड्याळात पावणेबाराला पोचतं, म्हणून कोणी पावणेदोन तासांचा प्रवास समजू नये. उलट तिथून पहाटे ४ ला निघालेलं इथे साडेआठला टेकतं. गाडी घेऊन आणायला जाणाऱ्यांनी आपल्या घड्याळातली उतरण्याची वेळ धरावी, आणि त्यावर सामान-इमिग्रेशनचा तासभर.

जमिनीवरच्या प्रवासाला मात्र ही संकेतस्थळं अजिबात वापरू नका. दापोली–मुंबई विमानतळ सरळ रेषेत १५० कि.मी. दाखवतात. ती रेष रायगडच्या खाड्या-डोंगरांवरून जाते. गाडीला मंडणगड, म्हाप्रळ-आंबेतला सावित्रीवरचा पूल, लोणेरे, माणगाव, पनवेल असा वळसा घ्यावा लागतो. सव्वादोनशेच्या आसपास जातं, आणि पावसाळ्यात सहा तास धरलेले बरे. तिकीट काढताना नवी मुंबईहून सुटणारं विमान आहे का तेही बघा; पनवेलहून पुढे शहरातली गर्दी टळते.

अंतरासाठी पाचपैकी साडेचार, वेळेसाठी दोन. सुट्टीचा ढोबळ अंदाज बांधायला ठीक; गाडी ठरवायची असेल तर विमान कंपनीचं वेळापत्रकच उघडा.