रक्तक्षयाची मोजणी : बोटातून की शिरेतून?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९८-९९ च्या फेरीपासून बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन मोजले जात असे. घरच्या ओसरीवरच रक्ताचा थेंब छोट्या यंत्रात घातला की आकडा लगेच कळतो, म्हणूनच २०१९-२१ मध्ये ही मोजणी लाखो घरांत आणि जिल्हावार होऊ शकली. मात्र थेंब येण्यासाठी बोट जोरात दाबले, तर त्यात ऊतींमधला द्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकते. त्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्यावर वाद वाढला आणि पुढच्या फेरीतून ही चाचणी वगळण्यात आली.

शिरेतून घेतलेले रक्त अधिक विश्वासार्ह, यात शंका नाही. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांसाठी तीच पद्धत वापरली होती. पण त्यासाठी कुशल तंत्रज्ञ, थंड पेटी आणि वेळेत गाठता येईल अशी प्रयोगशाळा लागते, खर्चही वाढतो. शिवाय पद्धत बदलली की जुन्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही. माझ्या मते काही जिल्ह्यांत दोन्ही चाचण्या एकाच व्यक्तीवर करून फरक आधी मोजायला हवा होता. अचूकतेसाठी वीस वर्षांची मालिका तोडणे स्त्रियांच्या आरोग्याला परवडणारे नाही.