कोहिरन्स मॅप : गणिताच्या नव्या निकषांकडे वळणाऱ्या शाळांचे साधन

अमेरिकेत ‘कॉमन कोअर’ या नावाने ओळखले जाणारे गणिताचे निकष, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलांना काय यायला हवे हे सांगणारी यादी, जून २०१० मध्ये जाहीर झाले आणि पुढे चाळीसहून अधिक राज्यांनी ते स्वीकारले. शाळांपुढचा अवघड प्रश्न होता तो संक्रमणाच्या काळात मधल्या इयत्तांमध्ये बसलेल्या मुलांचा. ती तिसरी-चौथीचे गणित जुन्या क्रमाने शिकून आलेली होती, आणि पाचवीचे नवे निकष मात्र तिसरी-चौथी नव्या क्रमाने झाली आहे असे गृहीत धरून लिहिलेले होते. ही दरी नेमकी कुठे आहे हे शिक्षकाला दाखवणाऱ्या साधनांमध्ये ‘अचीव्ह द कोअर’ या संकेतस्थळावरचा ‘कोहिरन्स मॅप’ मला सर्वांत उपयोगी वाटतो.

हे विनामूल्य साधन स्टुडंट अचीव्हमेंट पार्टनर्स या संस्थेने तयार केले आहे. फिल डारो, विल्यम मॅकॅलम आणि जेसन झिंबा हे या निकषांचे प्रमुख लेखक; त्यांपैकी झिंबा यांनी निकषांचे परस्परसंबंध दाखवणारी एक आकृती काढली होती आणि हा नकाशा तिच्यावरच बेतलेला आहे. प्रत्येक निकष एका चौकटीत असतो. आधी काय यायला हवे आणि त्यावर पुढे काय उभे राहते हे बाणांनी कळते, तर ज्यांचा क्रम ठरलेला नाही पण विषय जवळचा आहे असे निकष बाण नसलेल्या रेषेने जोडलेले असतात. चौकट उघडली की निकषाचा मजकूर आणि पुष्कळ ठिकाणी नमुना उदाहरणेही मिळतात.

पाचवीतला एखादा मुलगा एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश असे लिहितो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला छेद समान करण्याची रीत पुन्हा एकदा सांगितली जाते आणि पुढच्या आठवड्यात तो तीच चूक पुन्हा करतो. नकाशावर या निकषापासून मागे निघाले की आधी चौथीतले सममूल्य अपूर्णांक लागतात, त्यामागे तिसरीतला एकक अपूर्णांक (अंश एक असलेला) आणि संख्यारेषेवरचे अपूर्णांकाचे स्थान. मग शिक्षकाला विचारता येते की या मुलाला एक तृतीयांश ही संख्यारेषेवर जागा असलेली एक संख्या वाटते, की एकावर एक लिहिलेले दोन वेगळे आकडे? दोन पंचमांश हे एक द्वितीयांशाहून लहान आहे, म्हणजे बेरीज मूळ संख्येपेक्षा कमी आली, हे त्याला खटकत नसेल, तर काम तिसरीच्या निकषापासून सुरू करावे लागेल. पाचवीचे सगळे पुस्तक बाजूला न ठेवता नेमकी तेवढीच वीट बसवण्याची सोय हे या साधनाचे मोठे बळ आहे.

पालकसभेतही ते कामी येते. ‘हातच्याची वजाबाकी शिकवतच नाहीत’ ही तक्रार या निकषांबद्दल सतत ऐकू येते. प्रत्यक्षात बेरीज-वजाबाकीची रूढ रीत चौथीत, गुणाकाराची पाचवीत आणि भागाकाराची सहावीत सफाईने यावी, असे निकषांमध्येच लिहिलेले आहे. एकअंकी संख्यांचे गुणाकार तिसरीच्या अखेरीस तोंडपाठ हवेत, हेसुद्धा. त्याआधीची वर्षे स्थानिक किमतीची समज पक्की करण्यासाठी का दिली आहेत, हे बाणांवर बोट ठेवून पालकांना दाखवता येते, आणि कोरड्या समजावणीपेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो.

उणिवाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. दोन निकष जोडलेले आहेत एवढे नकाशा सांगतो. ते का जोडलेले आहेत हे फारसे सांगत नाही. त्यासाठी निकषकर्त्या गटाने लिहिलेले ‘प्रोग्रेशन्स’ हे दस्तऐवज सोबत वाचावेच लागतात. कोणत्या घटकाला किती तास द्यावेत, वर्षाची आखणी कशी करावी, याचे उत्तर इथे मिळत नाही. निकषांचे सांकेतिक क्रमांक नव्या शिक्षकाला पहिल्या भेटीत घाबरवतात, आणि ज्या राज्यांनी पुढे निकषांची नावे किंवा क्रमांक बदलले, तिथल्या शाळांना आपल्या यादीशी जुळणी स्वतःच करावी लागते.

म्हणून केवळ या संकेतस्थळाचा दुवा शिक्षकांना पाठवून प्रशिक्षण झाले असे मानणाऱ्या शाळेला याचा काहीही उपयोग होणार नाही. लागोपाठच्या तीन इयत्तांच्या शिक्षकांनी एकत्र बसून एकच साखळी घ्यावी, तिच्यातली उदाहरणे आधी स्वतः कागदावर सोडवावीत, मुले कुठे अडतील ते लिहून काढावे आणि मगच आपापल्या वर्गाचे नियोजन करावे. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात यासाठी सलग वेळ राखून ठेवला, तर हे साधन मी कोणत्याही शाळेला निःशंकपणे सुचवेन; सुरुवात अपूर्णांकांच्या साखळीपासून करावी.