ग्रीफशेअर : शोकातल्या माणसाला 13 आठवड्यांची सोबत

अमेरिकेतून सुरू झालेला हा ख्रिस्ती कार्यक्रम स्थानिक चर्चमध्ये चालतो. आठवड्यातून एकदा भेटायचं. आधी व्हिडिओ, मग लहान गटात बोलणं, आणि घरी कार्यक्रमाची सरावाची वही भरणं. प्रत्येक सत्र स्वतंत्र असल्यामुळे मधूनच सामील झालं तरी चालतं.

वही टाळली की निम्मा उपयोग गेला. रोज बायबलचा एक उतारा वाचायचा आणि दोन-चार ओळी लिहायच्या, एवढंच पुरतं. भेटीच्या आदल्या रात्री सगळी पानं एकदम भरायला बसलं तर तो गृहपाठ होतो आणि दुःख तिथल्या तिथेच राहतं.

पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेले पुन्हा जिवंत होतील ही, आशा सांगताना रडणं उरकायला लावत नाहीत, ही याची सर्वांत मोठी जमेची बाजू. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात, मेलेल्या लाजराला पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही येशू रडतो. ‘देवाघरी गेले ना, मग रडता कशाला?’ हे ऐकून ऐकून गप्प झालेल्या विधवेला या एका प्रसंगाने फार धीर येतो.

बिघडतं ते गटात. कुणीतरी सल्ले देऊ लागतं, किंवा एकच जण तासभर बोलतो; चालवणाऱ्याने तिथेच हळूच थांबवायला हवं. हे चालवणारे बहुधा स्वयंसेवक असतात, मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत. झोप-जेवण पार तुटलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. गट नंतरही भेटेल.