इन्स्टॉल स्क्रिप्ट: बॅश की पॉझिक्स शेल?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या महाविद्यालयात प्रयोगशाळेतल्या उबुंटूवर आणि विद्यार्थ्याच्या मॅकवर एकच इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवायची असेल, तर मी पॉझिक्स शेल निवडेन. शेल म्हणजे लिहिलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, आणि पॉझिक्स शेल म्हणजे पॉझिक्स या सामायिक मानकात बसेल एवढेच लेखन. बॅश या शेलमध्ये अ‍ॅरे (एका नावाखाली अनेक मूल्यांची यादी) आणि दुहेरी चौकटी कंसांत अट लिहून करायची तपासणी मिळते, त्यामुळे लेखन निश्चितच सुटसुटीत होते. मात्र मॅकओएससोबत येणारे बॅश अजूनही ३.२ आवृत्तीचेच असल्याने २००९ साली ४.० मध्ये आलेले, क्रमांकाऐवजी नावाने मूल्य साठवणारे असोसिएटिव्ह अ‍ॅरे त्यात चालत नाहीत, आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ संचात तर बॅशच नसते. पॉझिक्स शेलचे लेखन रुक्ष वाटते, पण उबुंटूच्या डॅश या शेलवरही ते चालते. तरीही शेल बदलून सगळे भागत नाही: फाइल जागच्या जागी बदलणारा सेड या मजकूर बदलण्याच्या आज्ञेचा ‘-आय’ पर्याय मॅकवर बॅकअप फाइलच्या नावाला जोडायचा प्रत्यय मागतो, उबुंटूवर मागत नाही, म्हणून बदललेला मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून ती मूळ जागी हलवावी.