दारूखान्यातलं बॉयलर वर्कशॉप: नळ्यांना पैकीच्या पैकी, स्टेना काठावर पास

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून दारूखान्यात शिरलं की जहाजांचे कापलेले पत्रे, साखळदंड आणि गॅसकटिंगचा वास यांच्यामधे काही गाळे फक्त बॉयलरचं काम करतात. लाँड्री, डाइंग, फरसाण, औषध कारखाने ही त्यांची रोजची गिऱ्हाइकं. त्यातल्या एका गाळ्याचा हा रिव्ह्यू, आणि तोही न शोभणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बाजूने: खासगी मालकीचं ६१० मिमी गेजचं, साखर कारखान्यातून निघालेलं छोटं टँक इंजिन, कामाचा दाब १० किलो (दर चौरस सेंमीला). काम होतं सगळ्या नळ्या (पाण्यातून आगीचा धूर नेणाऱ्या) बदलणं, तुटके स्टे (फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, आतल्या-बाहेरच्या पत्र्यांना जोडून धरणारे बोल्ट) नवे घालणं, फ्युजिबल प्लग, माउंटिंग्जची (बॉयलरवरचे व्हॉल्व, कॉक, गेज) दुरुस्ती आणि हायड्रो, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. खाली दोषही येणार, म्हणून गाळ्याचं नाव देत नाही.

इंजिन रेल्वेचं असतं तर इथे यायची गरज नव्हती. १९२३ च्या बॉयलर कायद्यात रेल्वेच्या ताब्यातल्या लोकोमोटिव्ह बॉयलरला सूट होती, खासगी मालकाला ती कधीच नव्हती. तो कायदा जाऊन २०२५ चा आला, तरी खासगी इंजिनाच्या बॉयलरला दार तेच, राज्याच्या बाष्पके संचालनालयाचं. दार्जिलिंगचं १८८९ चं ७७८ नंबरचं ‘बी’ वर्गाचं इंजिन १९६२ मधे अमेरिकेत खासगी हातात गेलं, पुढे इंग्लंडमधे एका मालकाच्या स्वतःच्या रुळांवर चाललं. तिथे बॉयलर तपासायला विमा कंपनीचा माणूस येतो, आपल्याकडे सरकारी निरीक्षक. म्हणून दुरुस्ती करणारा आयबीआर-मान्य (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सप्रमाणे मान्यता असलेला) हवा. १० किलोच्या बॉयलरला तिसऱ्या वर्गाची मान्यता पुरते, तिची मर्यादा १७.५ किलो आहे. मान्यतापत्र कोणाच्या नावावर आहे आणि कधी संपतंय ते पहिल्याच भेटीत बघा, ‘भावाच्या कंपनीचं आहे, एकच’ हे उत्तर चालवून घेऊ नका. या गाळ्याचं पत्र स्वतःच्या नावाचं होतं, वेल्डरचं प्रमाणपत्रही चालू होतं. हत्यार लावायच्या आधी लेखी मंजुरी लागते, तो अर्ज त्यांनीच भरला आणि नीट भरला. कागदपत्रांत हा गाळा पक्का आहे.

आता नळ्या. इथे यांचा हात बसलेला आहे.

जुनी नळी काढताना ट्यूबप्लेटच्या (नळ्यांची टोकं ज्या भोकांत बसतात त्या जाड पत्र्याच्या) तोंडाशी गॅस लावत नाहीत. नळी आतल्या बाजूला कापतात, भोकात उरलेलं टोक छिन्नीने आत दुमडतात आणि ओढून घेतात. भोकाला चरा पडत नाही. नंतर प्रत्येक भोक आडवं-उभं मोजून खडूने आकडा लिहितात. भोकात गोल फिरणाऱ्या बारीक रेघा चालतात. नळीच्या लांबीच्या दिशेने गेलेली एक रेघसुद्धा चालत नाही, कारण पाणी तिच्यातूनच वाट काढतं. अशी दोन भोकं त्यांनी न सांगता रीमर मारून साफ केली. हे बघूनच पुढचं काम निर्धास्तपणे सोपवता आलं.

नळी फुगवण्याचा हिशेब ज्यांना स्वतः तपासायचा आहे त्यांच्यासाठी: नळी बाहेरून ४४.४५ मिमी (पावणेदोन इंच), जाडी २.९५ मिमी, म्हणजे आतून ३८.५५. भोक ४५ मिमी. मधे सुटलेली जागा ०.५५. आतलं माप ३९.१० झालं की नळी भोकाला टेकते. तिथून पुढे जाडी साधारण सहा टक्के दबली पाहिजे. दोन्ही बाजूंची मिळून जाडी ५.९, तिचे सहा टक्के ०.३५. म्हणजे एक्सपांडर (नळी आतून फुगवणारं हत्यार) ३९.४५ च्या आसपास थांबायला हवा. उस्ताद हा हिशेब कागदावर मांडत नाहीत, पण त्यांचा हात बरोबर तिथेच थांबतो. बोअर गेजने तपासलेल्या नळ्या ३९.४ ते ३९.५ मधेच निघाल्या. कमी फुगवली तर नळी गळते आणि गळली की परत फुगवता येते. जास्त फुगवली तर दोन भोकांमधला पत्रा ताणला जातो, भोक लंबगोल होतं, पुढे तिथेच चीर जाते. त्यावर उपाय नवी ट्यूबप्लेट. सुरुवात मधल्या नळ्यांपासून करून समोरासमोरच्या नळ्या घेत बाहेर सरकत जातात, एका कडेने ओळीने जात नाहीत. बरोबर आहे, ओळीने गेलं तर प्लेट पोट काढते.

एका गोष्टीवर मात्र अडून बसावं लागतं. फायरबॉक्सच्या बाजूचं नळीचं टोक बाहेर काढून गोल कॉलर मारायची असते, नाहीतर ज्वाळा उघडी कड खाते. यांच्या रोजच्या पॅकेज बॉयलरमधे टोकं सरळ वेल्ड करतात, म्हणून इथेही ‘वेल्ड मार देंगे, लीकेज का टेन्शन नहीं’ हेच आलं. पोलादी फायरबॉक्सला ते अगदीच चूक नाही. पण पुढच्या वेळी नळ्या काढताना प्रत्येक वेल्ड ग्राइंडरने उडवावा लागतो आणि दर खेपेला प्लेटचं थोडं मांस जातं. तांब्याच्या फायरबॉक्सला तर हा विषयच नको. कॉलरचं हत्यार त्यांच्याकडे आहे, धूळ खात पडलंय, मागून घ्या.

नळ्या कुठून घ्यायच्या? गाळ्याला आणायला सांगू नका. कुंभारवाडा, दुर्गादेवी स्ट्रीटच्या पाइपवाल्यांकडे आयबीआरच्या सीमलेस नळ्या मिळतात, सोबत फॉर्म तीन-बी (नळीच्या उत्पादनाचा दाखला) हवा. नळीवर ठोकलेला हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा) आणि फॉर्मवरचा नंबर दुकानातच जुळवा. लांबी कापायच्या आधी नंबर प्रत्येक तुकड्यावर उतरवून घ्या. नंबर नसलेला तुकडा निरीक्षकाच्या लेखी भंगार असतो.

स्टेच्या बाबतीत गाळ्याची परीक्षा झाली आणि निकाल काठावरचा लागला. दोष पूर्णपणे त्यांचा नाही. लाँड्रीच्या बॉयलरला लोको-पद्धतीचा फायरबॉक्स नसतो, आतल्या-बाहेरच्या पत्र्याला शिवणारे शेकडो बोल्टही नसतात. ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ मधे थांबली, ते काम जाणणारे रेल्वेचे बॉयलरमेकर कधीच निवृत्त झाले.

आधी त्यांनी चांगलं काय केलं ते. तुटके स्टे शोधताना बॉयलर पाण्याने भरून दाबाखाली ठेवला आणि मग हातोडीने वाजवला. दाब असला की तुटलेल्या स्टेची टोकं एकमेकांपासून सुटतात, आवाज बद्द येतो. रिकाम्या बॉयलरमधे टोकं टेकलेली असतात आणि तुटकाही खणखणतो. तुटण्याची जागा बहुतेक वेळा बाहेरच्या पत्र्यालगत असते, कारण आतला फायरबॉक्स जास्त तापून सरकतो आणि स्टे तिथे वाकत राहतो. वरच्या ओळी आणि कोपरे आधी वाजवा.

चूक झाली ती आट्यांत. स्टेला इंचाला ११ किंवा १२ आटे असतात, व्यास कितीही असो. बाजारात ‘एक इंची टॅप’ मागितला की व्हिटवर्थ येतो, त्याला इंचाला ८ आटे. पाइपचा एक इंची घेतला तर आटे ११ मिळतात, पण तो बाहेरून ३३ मिमीच्या वर असतो. गाळ्याने हे ओळखलं आणि १२ आट्यांचा टॅप मिळवला, पण आखूड. आधी बाहेरचा पत्रा टॅप केला, मग आत बसून आतला. दोन्ही पत्र्यांतले आटे आपापल्या जागी सुबक, पण एकमेकांशी चाल जुळलेली नाही. स्टे बाहेरून शिरला, आतल्या पत्र्याशी अडला, आणि पान्याला पाइप लावून जोर केल्यावर गेला. बाहेरून बघणाऱ्याला काम झकास. प्रत्यक्षात असा स्टे दोन पत्र्यांना थंडपणीच ताणून धरतो, म्हणजे तुटायची तयारी पहिल्या दिवसापासून.

यावर इलाज एकच: दोन्ही पत्र्यांतून एका दमात जाणारा लांब स्टे-टॅप, पुढे मार्गदर्शक दांडी असलेला. तो तयार मिळत नाही, टूलरूममधून करून घ्यावा लागतो. भोकं दीड-दोन मिमी वाढवून पुन्हा टॅप झाली, जाड स्टे बसले. हे दुसरं काम गाळ्याने कुरकुर न करता केलं, मजुरी घेतली नाही, टॅपचा खर्च मात्र मालकाच्या माथी. टॅप मालकानेच घेऊन ठेवणं शहाणपणाचं, पुढच्या स्टेला लागेलच.

स्टे कातण्यात टर्नर पट्टीचा. लेथचा लीडस्क्रू (हत्यार सरकवणारा आट्यांचा दांडा) इंचाला ४ आट्यांचा. १२ ला चारने भाग जातो, म्हणून हाफ नट (लीडस्क्रूला पकडणारा) कुठेही पाडला तरी चाल जुळते. ११ आटे असतील तर हाफ नट उघडायचाच नाही, लेथ उलटा फिरवून परत यायचं. त्याने हे विचारायच्या आधीच सांगितलं. बाहेरच्या टोकाला ५ मिमीचं टेलटेल भोक पत्र्याच्या जाडीच्या पलीकडे जाईल इतकं खोल पाडून घ्या. स्टे तुटला की तिथून वाफेची पिचकारी उडते आणि हातोडी न मारता कळतं.

फ्युजिबल प्लगपाशी जरा थांबा, कारण ही चूक जिवावरची आहे. फायरबॉक्सच्या छतातला हा गनमेटलचा प्लग. पाणी छताखाली गेलं की आतलं शिसं वितळतं आणि वाफ आगीवर येते. गाळ्यातल्या पोऱ्याने तो लोहार चाळीतून आणलेल्या सोल्डरने भरला. ‘शिसंच आहे ना?’ नाही. ६३-३७ चं कथील-शिसं १८३ अंशांना वितळतं, आणि १० किलो दाबाला बॉयलरमधलं पाणीच १८३ अंशांच्या घरात असतं. छतावर पाणी भरपूर असूनही प्लग सुटला असता, तोही फायरमन दार उघडून कोळसा टाकत असताना. शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं, तेच हवं. जुनं शिसं पूर्ण काढून, भोक आतून कल्हई करून, डोळ्यांसमोर भरून घ्या. चूक दाखवल्यावर उस्तादांनी पोऱ्याला सगळ्यांसमोर झापलं. त्याऐवजी त्याला दोन्ही धातू वितळवून दाखवले असते तर बरं झालं असतं.

माउंटिंग्जचं काम ठीक. सेफ्टी व्हॉल्वची सीट लॅप करून दिली, ब्लोडाउन कॉक घट्ट बसतो. इंजेक्टर (वाफेच्या जोरावर बॉयलरमधे पाणी ढकलणारा) मात्र त्यांनी फक्त ॲसिडमधे बुडवून चकचकीत केला. क्षार गेला, पण आतल्या कोनची भोकं झिजलेली असतील तर चकाकीने पाणी उचललं जात नाही. कोन नवे कातायला चांगला टर्नर वेगळा गाठा. वॉटर गेजची काच नागदेवीत मिळते, पॅकिंगच्या रिंगाही तिथेच. काच ज्या दोन खाचांत बसते त्यांच्या तळापासून तळापर्यंतच्या पूर्ण मापापेक्षा तीन-चार मिमी आखूड कापा आणि नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस. खाली टेकलेली काच गरम झाली की वाढायला जागा शोधते आणि फुटते. तांब्याच्या नळीला किका स्ट्रीट. गनमेटलच्या ओतकामाला पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) दीड टक्का मोठा करून न्या.

हायड्रो दीडपट दाबाला, म्हणजे १५ किलोला झाली. वरच्या टोकाचा प्लग उघडा ठेवून हवा पूर्ण बाहेर काढली, सेफ्टी व्हॉल्व काढून ब्लँक मारले, हातपंपाने दाब हळूहळू चढवला, दोन गेज लावले. अर्धा तास काटा जागचा हलला नाही. निरीक्षकाच्या आदल्या दिवशी स्वतः एकदा करून बघण्याची त्यांची रीत वाखाणण्यासारखी. त्या खासगी फेरीत दोन नळ्या पाझरल्या होत्या, त्या रात्रीच आवळल्या.

दर: नळ्यांचा नगावर, स्टेचा नगावर, लेथचा तासावर, कागदपत्रांचा ठोक. क्रेन, पाणी, निरीक्षणाची फी वेगळी, हे कोटेशनमधे लिहून घ्या. वेळेचं विचाराल तर कोणत्याही कामाला उत्तर ‘हो जाएगा’, तारीख तुम्ही घाला. गणपतीच्या आसपास आणि रमजानमधे कारागीर कमी असतात. पावसाळ्यात काम देऊ नका: गल्लीत पाणी भरतं, आणि उघडा बॉयलर खाडीच्या हवेत आठवड्याभरात आतून लाल होतो. न्यायला उशीर होणार असेल तर पूर्ण सुकवून, आत चुनकळीची ताटं ठेवून, सगळी दारं बंद करून घ्या.

बॉयलर उचलताना हायड्रा (चाकांवरची क्रेन) आणि ट्रक दोन्ही गल्लीत मावत नाहीत. ट्रक मागे घेत तोंडाशी आणावा लागतो, आणि जड वाहनांच्या बंदीच्या वेळा सांभाळून निघायचं म्हणजे रात्रच पडते. दोर स्टीम डोमला बांधू देऊ नका, बॅरलखालून दोन पट्टे घाला. निघण्याआधी सगळी भोकं लाकडी गुल्ल्यांनी बंद करा आणि गुल्ल्या मोजून आकडा बॅरलवर खडूने लिहा. शेडमधे काढताना तेवढ्याच निघाल्या पाहिजेत. एक कमी भरली तर ती आत पडलीय.